शरीराची राखण आणि शिक्षकाचे काम



पावसाळ्याच्या आरंभी शाळा उघडल्या म्हणजे खेड्यातील शिक्षकास एक दृश्य हमखास पाहावयास मिळते. एखादा मुलगा लंगडत वर्गात येतो. विचारपूस केली असता, वावरातून येताना पायात बाभळीचा काटा मोडल्याचे कळते. दुसऱ्या दिवशी काट्याभोवतालची जागा लाल होते, हातास गरम लागते, सुजते व ठणकू लागते. पुढे त्याच बाजूच्या जांघेत एक गाठ हातास लागते आणि घरातील आजी 'अवधाण आले' असे म्हणून ती शेकू लागते. काही दिवसांनी काटा पुवाबरोबर बाहेर येतो, गाठ विरते, आणि मुलगा पुन्हा मैदानावर धावू लागतो. प्रसंग इतका नित्याचा आहे की त्याकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. तथापि ह्या एका काट्यात शरीराच्या संरक्षणाचे बहुतेक सारे शास्त्र सामावलेले आहे, आणि ते मुलांस त्यांच्याच अनुभवावरून शिकविता येते.

रोग उत्पन्न करणारे जंतू व विषाणू हवेत, पाण्यात, मातीत व माणसांच्या हातांवर सर्वत्र वावरत असतात. असे असूनही माणूस बहुतेक दिवस निरोगी असतो, ह्याचे कारण त्याच्या देहाची राखण अहोरात्र चाललेली असते. जुन्या खेड्याच्या रचनेशी ह्या राखणीची तुलना करता येईल. गावास गावकूस असे, वेशीवर पहारा असे, रात्री जागल्या फिरत असे, आणि मोठे संकट आल्यास चावडीवर माणसे जमून पुढचा बेत ठरत असे. शरीरातही अशीच एकामागे एक उभी असलेली फळी आढळते.

पहिली फळी म्हणजे त्वचा. अखंड त्वचेतून बहुतेक जंतूंस आत शिरता येत नाही. जेथे त्वचेचे आवरण नाही तेथे निसर्गाने निराळी योजना केली आहे. डोळ्यांतील अश्रूंत व तोंडातील लाळेत जंतूंचे कवच विरघळविणारे द्रव्य असते. नाकातील व श्वासनलिकेतील चिकट स्रावात धूळ व जंतू अडकतात, आणि तेथील सूक्ष्म केसर ती घाण वर लोटीत राहतात. अन्नाबरोबर पोटात गेलेल्या जंतूंपैकी बरेचसे जठरातील आम्लात नाश पावतात. बाभळीचा काटा मोडतो तेव्हा ह्या गावकुसास भगदाड पडते आणि काट्यावरील मातीबरोबर जंतू आत शिरतात.

तेव्हा दुसरी फळी पुढे येते. जखमी झालेल्या पेशी काही द्रव्ये सोडतात. त्यांच्या योगे तेथील सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावतात आणि त्यांच्या भिंतींतून रक्तातील पांढऱ्या पेशी बाहेर पडून जखमेकडे धाव घेतात. लाली, उष्णता, सूज व वेदना ही चारही लक्षणे ह्या धावपळीची होत. पांढऱ्या पेशींपैकी काहींचे काम जंतूंस गिळून पचविण्याचे असते. त्यांस भक्षक पेशी म्हणतात. त्यांतील अनेक पेशी ह्या झुंजीत मरतात. मेलेल्या पेशी, मेलेले जंतू व विरघळलेले मांस मिळून जे तयार होते तोच पू होय.

भक्षक पेशींचा शोधही एका काट्यानेच लागला, ही गोष्ट मुलांस सांगण्याजोगी आहे. १८८२ साली इटलीतील मेसिना येथे एली मेचनिकॉफ हे रशियन प्राणिशास्त्रज्ञ समुद्रातील तारामाशाच्या डिंभाचे निरीक्षण करीत होते. हा डिंभ काचेसारखा पारदर्शक असतो. मेचनिकॉफ यांनी त्याच्या अंगात गुलाबाचा काटा खुपसला व सकाळी सूक्ष्मदर्शकातून पाहिले, तो हालचाल करणाऱ्या पेशी काट्याभोवती गोळा झालेल्या दिसल्या. ह्या निरीक्षणातून त्यांनी भक्षक पेशींचा सिद्धान्त मांडला आणि १९०८ साली त्यांस नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. ह्याच मेचनिकॉफ यांचे एक विद्यार्थी पुढे मुंबईस आले. त्यांची हकीकत यथाक्रम येईलच.

भक्षक पेशी शूर असल्या तरी त्या सर्व शत्रूंशी सरसकट एकाच रीतीने लढतात. विशिष्ट शत्रू ओळखून त्याच्यापुरते हत्यार घडविणारी तिसरी फळी निराळी आहे. तिचे ठाणे म्हणजे जांघेत, काखेत व मानेत असलेल्या लसीकाग्रंथी. पायातील जखमेतून काही भक्षक पेशी जंतूंचे तुकडे घेऊन जवळच्या ग्रंथीत, म्हणजे जांघेत येतात आणि ते तेथील लसीकापेशींपुढे मांडतात. प्रत्येक लसीकापेशी एका ठरावीक आकारालाच ओळखते. कुलूप व किल्ली यांप्रमाणे जिचा मेळ त्या तुकड्याशी बसेल ती पेशी जागी होते, आणि एकीच्या दोन, दोहोंच्या चार अशी तिची संख्या झपाट्याने वाढते. ह्या गर्दीमुळे ग्रंथी फुगते. आजी जिला अवधाण म्हणते ती हीच गाठ. गावच्या चावडीवर माणसे जमावीत तशी ती पेशींची जमावट आहे.

ह्या लसीकापेशींचे मुख्य दोन वर्ग आहेत. एका वर्गातील पेशी प्रतिपिंड नावाची प्रथिने रक्तात सोडतात. प्रतिपिंडे जंतूस चिकटतात, त्याची वाट अडवितात आणि भक्षक पेशींस तो पटकन सापडेल असे करतात. दुसऱ्या वर्गातील काही पेशी विषाणूंनी बिघडविलेल्या शरीराच्याच पेशी हेरून मारतात, तर काही साहाय्यक पेशी साऱ्या कामाची जुळणी करतात. एचआयव्ही हा विषाणू नेमका ह्या साहाय्यक पेशींचा घात करतो, म्हणून त्याच्या रोग्यास उपचार न मिळाल्यास साधे आजारही जीवघेणे ठरतात.

नव्या शत्रूविरुद्ध पुरेशी प्रतिपिंडे तयार होण्यास एक ते दोन आठवडे लागतात. रोग व रोगी यांच्या शर्यतीत हा काळ फार मोलाचा असतो. मात्र शत्रूचा पाडाव झाल्यावर काही पेशी स्मृतिपेशी म्हणून वर्षानुवर्षे मागे राहतात. तोच शत्रू पुन्हा आल्यास त्या थोड्याच दिवसांत तयारी पुरी करतात. म्हणूनच ज्यास एकदा गोवर होऊन गेला त्यास तो सहसा पुन्हा होत नाही.

परंतु ही शर्यत प्रत्येक वेळी शरीरच जिंकते असे नाही. १८९६ साली मुंबईच्या मांडवी भागात गाठीच्या तापाची, म्हणजे प्लेगची साथ उद्भवली. मूळ गोव्याचे डॉ. अकाशियो व्हिएगस यांनी तो रोग सप्टेंबर महिन्यात ओळखला. उंदरावरील पिसू चावली की प्लेगचे जंतू त्वचेखाली शिरतात आणि जवळच्या लसीकाग्रंथीत पोहोचतात. भक्षक पेशींनी गिळल्यावरही ते काही काळ त्यांच्या पोटात जिवंत राहतात व वाढतात. प्लेगच्या रोग्याच्या जांघेत किंवा काखेत येणारी गाठ आणि काटा मोडलेल्या मुलाचे अवधाण ही दोन्ही एकाच ग्रंथीची सूज होय. अवधाणात रक्षक जिंकतात आणि ग्रंथी पूर्ववत होते. प्लेगात पुष्कळदा ठाणेच शत्रूच्या हाती जात असे. प्रतिजैविके नव्हती त्या काळी ह्या रोगाने गावेच्या गावे ओस पाडली. लोक घरे सोडून रानात झोपड्या बांधून राहत.

ह्या साथीच्या वेळी मेचनिकॉफ यांचे शिष्य डॉ. वाल्देमार हाफकिन हे मुंबईस आले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी प्रयोगशाळा थाटली. मांसाच्या सारावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्यांनी प्लेगचे जंतू वाढविले, उष्णतेने ते मारले, आणि त्या मृत जंतूंची लस बनविली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्यांस ताप आला, टोचल्या जागी वेदना झाल्या. परंतु लस निर्धोक असल्याचे दिसून आले. मृत जंतूंमध्ये रोग देण्याची शक्ती नव्हती, मात्र त्यांचा आकार लसीकापेशींस ओळख पटविण्यास पुरेसा होता. चोर गावात शिरण्यापूर्वीच त्याची खूण जागल्यास दाखवून ठेवावी, तसे लसीचे कार्य असते. हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली आणि १९२५ साली तिला हाफकिन यांचे नाव देण्यात आले.

हाफकिन यांनी लस टोचून घेतली त्यास बरोबर दोन महिने झाले त्या दिवशी, १० मार्च १८९७ रोजी, पुण्याच्या साथीत सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. १८४८ साली पुण्यात मुलींच्या शाळेत शिकविण्यास प्रारंभ करणाऱ्या ह्या शिक्षिका वयाच्या सहासष्टाव्या वर्षी प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी पुण्याजवळ माळरानावर दवाखाना उघडला होता. मुंढव्याजवळच्या वस्तीतील एका आजारी मुलास पाठीवर घेऊन सावित्रीबाई त्या दवाखान्यात आल्या, आणि त्याच सेवेत त्यांस रोगाची बाधा झाली. लस तेव्हा नुकतीच सिद्ध झाली होती. ती गावोगावी पोहोचण्यास अवकाश होता. आज लस गावच्या उपकेंद्रापर्यंत येते. ज्या व्यवसायाचा वारसा सावित्रीबाईंनी दिला त्या व्यवसायातील माणसांस ह्या दोन तारखांमधील अंतर विसरता येण्यासारखे नाही.

त्याच वर्षाने आणखी एक धडा दिला. पुण्यात सैनिकांकरवी घरांची झडती घेऊन रोगी हुडकण्यात आले. ह्या जबरदस्तीमुळे लोक संतापले, त्यांनी रोगी लपविले, आणि लसीसह सरकारी उपायांवरचाच त्यांचा विश्वास उडाला. पुढे १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल गावी एका दूषित बाटलीतील लसीमुळे १९ माणसे धनुर्वाताने दगावली. हाफकिन यांस कामावरून दूर करण्यात आले. बाटली उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक केला गेला नव्हता, असे पुराव्यावरून दिसून आले आणि १९०७ साली हाफकिन दोषमुक्त झाले. तात्पर्य असे की लोकांच्या शंकेस नेहमीच अज्ञान म्हणून झिडकारणे योग्य नव्हे. लस घेतल्यावर ताप येतो, हात दुखतो, हे आधीच सांगावे. तो ताप रक्षक जागे झाल्याची खूण आहे, हेही सांगावे. क्वचित कोणास तीव्र प्रतिक्रिया येते, म्हणून लस दिल्यावर अर्धा तास केंद्रातच थांबावयाचे असते. खरे सांगणाऱ्याच्या शब्दावर लोक पुढच्या वेळीही विश्वास ठेवतात.

असा विश्वास बसला की काय घडते, ह्याचे उदाहरण देवीच्या रोगाचे आहे. भारतात देवीची पहिली लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत तीन वर्षांच्या एका मुलीस टोचण्यात आली. पुढील पावणेदोन शतकांत देवी काढणारे कर्मचारी खेडोपाडी हिंडले. घरातील वडीलधाऱ्यांच्या दंडावर त्या टोचणीचे व्रण आजही दिसतात. १९७५ साली देशात देवीचा शेवटचा रोगी आढळला आणि १९८० साली जगातून हा रोग नाहीसा झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले. पोलिओविषयीही असेच घडले. १९९५ साली देशात पोलिओ-मोहीम सुरू झाली. तिच्यात प्राथमिक शिक्षकांचाही वाटा होता. जानेवारी २०११ नंतर भारतात त्याचा नैसर्गिक रोगी आढळला नाही, आणि २०१४ साली देश पोलिओमुक्त ठरला.

गोवराविषयी मात्र अद्याप निश्चिंत होता येत नाही. २०२२ साली मुंबई, भिवंडी व मालेगाव येथे गोवराचा उद्रेक होऊन बालके मृत्यू पावली; रोग्यांपैकी पुष्कळांनी लस घेतलेली नव्हती. 'गोवर प्रत्येकालाच निघतो, तो निघून गेलेला बरा' हा समज घातक आहे. गोवराचा विषाणू स्मृतिपेशींवरच घाला घालतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात लस न घेतलेल्या ७७ मुलांचे रक्त गोवरापूर्वी व गोवरानंतर तपासले गेले. तेव्हा पूर्वी मिळविलेल्या प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के नाहीशी झाल्याचे आढळले. चावडीचे जुने दप्तरच जळावे तशी ही अवस्था होय. अशा मुलास पूर्वी ओळखीचे असलेले रोगही नव्याने गाठू शकतात. लसीमुळे गोवर टळतो आणि ही हानीही टळते.

येथे थोडे गणित उपयोगी पडेल. गोवराचा एक रोगी असंरक्षित समाजात १२ ते १८ जणांस रोग देतो. त्याची साथ रोखण्यास शंभरातील सुमारे ९५ जण संरक्षित असावे लागतात. चाळीस मुलांच्या वर्गात ही संख्या ३८ भरते. तीन मुलांनी लस चुकविली तरी वर्गाचे कूस खाली येते. ज्या मुलास आजारपणामुळे लस देता येत नाही, किंवा घरी जे तान्हे मूल अद्याप लसीच्या वयाचे नाही, त्याचे रक्षण भोवतालच्या संरक्षित मुलांमुळेच होते.

तान्ह्या मुलास आरंभी आईकडून मिळालेली प्रतिपिंडे उपयोगी पडतात. काही ती जन्मापूर्वीच मिळतात, तर काही आईच्या पहिल्या पिवळसर चीकदुधातून. हे दूध 'खराब' समजून पिळून टाकण्याची चाल जेथे असेल तेथे बाळाची पहिली शिदोरीच वाया जाते. आईची ही देणगी काही महिन्यांत संपते, म्हणून गोवर-रुबेलाची पहिली मात्रा नऊ महिने पुरे झाल्यावर व दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान देतात. प्रतिपिंडे ही प्रथिने असल्यामुळे अर्धपोटी मुलाच्या अंगात राखणीचे बळ कमी पडते. शालेय पोषण आहारातील डाळ व उसळ यांचे महत्त्व त्या दृष्टीनेही आहे.

प्रतिकारशक्ती म्हणजे जितकी अधिक तितकी चांगली, असेही नाही. कधी ती निरुपद्रवी पराग किंवा धूळ पाहून खवळते. त्यामुळे शिंका, पित्त उठणे वा दमा असे त्रास होतात. कधी ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते. काही लहान मुलांस होणारा, इन्सुलिन घ्यावे लागणारा मधुमेह असाच उद्भवतो. त्या मुलाचा किंवा त्याच्या आईवडिलांचा त्यात काही दोष नसतो, ही गोष्ट वर्गातील इतर मुलांस समजावून देणे हे शिक्षकाचे काम आहे.

आता शाळेत काय करता येईल ते पाहू. पहिली इयत्तेत नाव घालताना मुलाचे लसीकरण-पत्रक पाहावे. पाच ते सहा वर्षांच्या वयात घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात यांवरील वर्धक मात्रा द्यावयाची असते. तीच नेमकी शाळेत प्रवेश करण्याची वेळ होय. दहाव्या व सोळाव्या वर्षी धनुर्वात व घटसर्प यांची लस पुन्हा देतात. ज्या घरची माणसे हंगामात कामासाठी परमुलखी जातात त्या मुलांच्या मात्रा हटकून चुकतात. घाटावर काय आणि घाटाखाली काय, अशी मुले थोड्याबहुत शाळांत असतातच. त्यांची नावे वेगळी लिहून आशा सेविकेस व आरोग्य सेविकेस कळविल्यास राहिलेली मात्रा देता येते. वेळ टळली म्हणून सारे पुन्हा आरंभापासून करावे लागत नाही.

हात धुण्याचा पाठ हळदीच्या साह्याने द्यावा. सकाळी एका मुलाच्या तळहातास हळद लावावी आणि मधल्या सुटीत ती कोठे कोठे पोहोचली ते मुलांनीच शोधावे. पाट्या, कड्या, पाण्याचा पेला, मित्राची बाही, सर्वत्र पिवळे डाग सापडतील. डोळ्यांस न दिसणाऱ्या जंतूंचा प्रवास मुलांस मग निराळा सांगावा लागत नाही. नंतर नुसत्या पाण्याने आणि साबणाने हात धुऊन फरक पाहण्यास सांगावे.

आणि काटा मोडलेला मुलगा लंगडत आला, तर त्यास घरी परत धाडण्यापूर्वी जखम स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवावी, शेण, माती वा राख तीस लावू देऊ नये, आणि धनुर्वाताची लस केव्हा घेतली होती ते पालकांस विचारावे. आठवत नसेल तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात पाठवावे. धनुर्वाताचा जंतू मातीत व शेणात असतो, आणि तो झाल्यावर नवी प्रतिपिंडे तयार होण्याची वाट पाहण्यास अवधी उरत नाही. मुलाच्या जांघेतील गाठीवर त्याचाच हात ठेवून, तेथे त्याचे रक्षक जमले आहेत, एवढे त्यास सांगावे. सावित्रीबाईंनी एक आजारी मूल पाठीवर घेऊन दवाखाना गाठला होता. आजच्या शिक्षकास बहुधा मुलाचे पत्रक पाहून त्याच्या आईशी दोन शब्द बोलणे एवढेच करावे लागते. ते वेळेवर होत राहावे, हीच अपेक्षा.